वाचकांचे प्रश्न : क्रॉप करायचे तर मेगापिक्सेल किती?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक शंका वारंवार दिसली. छायाचित्र नंतर कापायचे असेल किंवा दूरचे दृश्य जवळ आणायचे असेल, तर कॅमेऱ्याला मेगापिक्सेल (एक मेगापिक्सेल म्हणजे चित्रातले दहा लाख ठिपके, अर्थात पिक्सेल) किती हवेत, असे अनेकांनी विचारले आहे. पत्रे बहुतेक सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेली आहेत, आणि त्यांतल्या अडचणी इथल्या उन्हाशी, इथल्या यात्रेशी आणि इथल्या कापडाशी जोडलेल्या आहेत. त्यामुळे या वेळी अशीच सहा पत्रे एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राला मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण त्यातला हिशेब एकदा नीट समजला की पुढची बरीच उत्तरे त्यातूनच मिळतात.

प्रश्न : माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा आणि ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात मी काळविटांची छायाचित्रे काढतो. प्राणी लांब असतात, त्यामुळे घरी आल्यावर फोटो कापून काळवीट मोठा करावा लागतो आणि मग तो मऊ, पिठूळ दिसतो. ४५ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम कॅमेरा घेतला तर अडचण सुटेल का? लेन्स मात्र सध्या हीच वापरावी लागेल.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. लेन्स हीच राहणार असेल, तर त्या कॅमेऱ्याने काळविटाच्या अंगावर पडणारे पिक्सेल वाढणार नाहीत, उलट थोडे कमीच होतील. हे पटकन पटणारे नाही, म्हणून हिशेबच मांडतो.

काळवीट सुमारे १२० सेंटिमीटर लांब आहे आणि आपल्यापासून १०० मीटरवर आडवा उभा आहे, असे धरू. ३०० मिलिमीटरच्या लेन्समधून त्याची सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर) पडणारी प्रतिमा ३.६ मिलिमीटर लांब असते. ही लांबी लेन्स आणि अंतर हे दोघेच ठरवतात. सेन्सर एपीएस-सीसारखा लहान असो की फुलफ्रेमसारखा मोठा, तिच्यात फरक पडत नाही. आपल्या सेन्सरवर २३.५ मिलिमीटर रुंदीत ६,००० पिक्सेल आहेत, म्हणजे एक पिक्सेल सुमारे ३.९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) झाला आणि काळविटाच्या प्रतिमेत असे सुमारे ९२० पिक्सेल मावले. ४५ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम सेन्सरवर जवळपास ३६ मिलिमीटर रुंदीत ८,२५० च्या आसपास पिक्सेल असतात. तिथे एक पिक्सेल सुमारे ४.३५ मायक्रॉनचा असल्यामुळे त्याच काळविटाच्या वाट्याला सुमारे ८३० पिक्सेल येतात. बाकीचे सगळे पिक्सेल भोवतालच्या गवतावर आणि आकाशावर पडतात, आणि नेमका तोच भाग आपण घरी येऊन कापून टाकणार असता. ६१ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम कॅमेरा घेतला तरी आकडा ९६० च्या आसपास जाईल, म्हणजे आजच्यापेक्षा जेमतेम चार टक्के जास्त. खोक्यावर छापलेला मेगापिक्सेलचा आकडा संपूर्ण चौकटीचा असतो. क्रॉप करणाऱ्याच्या कामी येतो तो विषयावर पडलेल्या पिक्सेलचा आकडा, आणि तो कुठल्याही खोक्यावर छापलेला नसतो.

आता हे ९२० पिक्सेल कमी आहेत का, ते पाहू. काळवीट चित्राच्या रुंदीचा एक तृतीयांश भाग व्यापेल असे आपण कापले, तर सुमारे २,७६० पिक्सेल रुंदीचे चित्र हाती राहते. फुल एचडी टीव्हीच्या पडद्याला १,९२० पिक्सेल रुंदी पुरते. कागदावर दर इंचाला ३०० पिक्सेल धरले, तरी नऊ इंच रुंदीचा छाप सहज निघतो. म्हणजे पिक्सेल पुरेसे आहेत. असे असूनही चित्र पिठूळ दिसत असेल, तर त्या पिक्सेलांपर्यंत पोहोचलेली प्रतिमाच मऊ होती, असे म्हणावे लागते, आणि त्याची कारणे कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलमध्ये शोधून सापडणार नाहीत.

पहिले कारण शटरस्पीडचे, म्हणजे शटर किती वेळ उघडे राहते याचे असू शकते. ३०० मिलिमीटरची लेन्स एपीएस-सी सेन्सरवर ४५० मिलिमीटरइतका अरुंद कोन देते, आणि त्यातही आपण निम्म्याहून कमी रुंदी ठेवता तेव्हा तो कोन हजार मिलिमीटरच्या लेन्सच्या जवळ जातो. हातात कॅमेरा धरून काम करताना शटरस्पीड लेन्सच्या मिलिमीटरच्या व्यस्त असावा, हा जुना ठोकताळा इथे कापलेल्या कोनाला लावायला हवा. म्हणजे १/५०० सेकंदावर समाधान न मानता १/१००० किंवा त्याहून जलद जावे. लेन्समधली स्थिरीकरणाची सोय आपल्या हाताचा कंप सावरते, पण मान वळवणाऱ्या प्राण्याची हालचाल तिला थांबवता येत नाही. दुसरे कारण अ‍ॅपर्चरचे, म्हणजे लेन्सच्या छिद्राचे; एफचा आकडा जितका मोठा, तितके ते छिद्र लहान. या प्रकारच्या बहुतेक लेन्स ३०० मिलिमीटरला पूर्ण उघड्या असताना थोड्या मऊ असतात आणि एफ ८ ला सुधारतात. मात्र सुधारणा होते म्हणून एफ १६ पर्यंत जाऊ नये. तिथे प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना तो पसरल्यामुळे, एका बिंदूची सुमारे २१ मायक्रॉन व्यासाची चकती होते, आणि आपला पिक्सेल चार मायक्रॉनचाही नाही.

तिसरे कारण आपल्या मुलखाचे आहे, आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जाणारा असतो. सकाळी नऊ-दहा वाजल्यापासूनच माळाची जमीन तापते, तिच्यावरची हवा वर उठू लागते, आणि वेगवेगळ्या तापमानाच्या थरांतून येणारा प्रकाश सतत वाकत राहतो. ज्या हवेमुळे दूरवर मृगजळ चमकते, तीच हवा काळविटाच्या शिंगांच्या कडा वितळवते. मी स्वतः एका एप्रिलमध्ये भर अकरा वाजता तिपाई लावून, एफ ८ ठेवून, फोकस तीन-तीनदा तपासून सव्वाशे मीटरवरच्या नराची शंभरावर छायाचित्रे घेतली होती. त्यांतले एकही धारदार निघाले नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात त्याच लेन्सने घेतलेल्या चित्रांत शिंगांची वळी एकेक करून मोजता येत होती. तापलेल्या हवेवर मेगापिक्सेलचा इलाज नाही. पहाटे जाणे आणि मधले अंतर कमी असणे, एवढाच इलाज आहे.

अंतराचा परिणाम किती मोठा असतो, तेही आकड्यांत पाहावे. तोच काळवीट १०० ऐवजी ७० मीटरवर आला, तर त्याच्यावर ९२० ऐवजी सुमारे १,३१० पिक्सेल पडतात. त्यासाठी पायी मागे लागण्याची गरज नसते, आणि तसे करूही नये. ते माळरान १९७९ पासून अभयारण्य म्हणून राखलेले आहे, तिथे वनविभागाचे नियम आहेत, आणि जमिनीवर अंडी घालणारे पक्षी त्याच गवतात असतात. ठरलेल्या वाटेवर, हालचाल न करता तासभर थांबलेल्या माणसाच्या जवळून कळप स्वतःहून जातो, हा माझा अनुभव आहे. पैसे खर्च करायचेच असतील, तर ते बॉडीवर न घालता ५०० किंवा ६०० मिलिमीटरपर्यंत जाणाऱ्या लेन्ससाठी साठवावेत. ६०० मिलिमीटरला आपल्या आजच्याच कॅमेऱ्यात तो काळवीट १,८४० पिक्सेलचा होतो.

प्रश्न : माझा लग्नसमारंभांचा स्टुडिओ आहे आणि दर वर्षी मी सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचीही छायाचित्रे काढतो. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे. गर्दीत हवी तशी चौकट मिळत नाही, म्हणून मी थोडे मोकळे काढून नंतर कापतो. १२ बाय ३६ च्या अल्बमशीटसाठी आणि फ्लेक्ससाठी किती कापले तर चालते? हल्ली सॉफ्टवेअरने चित्र चौपट करता येते, त्यावर विसंबावे का?
– एक व्यावसायिक छायाचित्रकार, सोलापूर

उत्तर : दर इंचाला ३०० पिक्सेल हवेतच, असे छपाईवाले सांगतात. तो आकडा चित्र हातात धरून, फूटभर अंतरावरून पाहण्यासाठी योग्य आहे. निरोगी डोळ्याला साधारण एका कोनीय मिनिटाइतका बारकावा दिसतो, त्यामुळे पाहणारा जितका दूर, तितके कमी पिक्सेल पुरतात. ३,४३८ या आकड्याला इंचांतल्या अंतराने भागले की दर इंचाला लागणारे पिक्सेल मिळतात. अल्बम मांडीवर किंवा टेबलावर ठेवून वीसेक इंचांवरून पाहतात. तिथे १७० च्या आसपास पुरतात. आपली ६,००० पिक्सेल रुंदीची फाइल ३६ इंचांवर पसरली की दर इंचाला १६६ मिळतात. म्हणजे पूर्ण शीटवर एकच चित्र टाकायचे असेल, तर रुंदीतून काही कापायला जवळजवळ वावच राहत नाही, आणि १२ बाय ३६ च्या आकारामुळे चित्राची निम्मी उंची तशीही जाते. शीटवरची बाकीची चित्रे लहान असतात. १२ बाय १८ च्या चित्राला दर इंचाला २०० प्रमाणे ३,६०० बाय २,४०० पिक्सेल लागतात. तिथे आपण चौकटीच्या रुंदीचा तीन पंचमांश भाग ठेवून बाकीचा निर्धास्तपणे कापू शकता.

फ्लेक्सची भीती तर पूर्णपणे काढून टाकावी. वीस फूट रुंदीचा फलक रस्त्यावरून तीस फुटांवरून पाहिला जातो, आणि त्या अंतरावर दर इंचाला दहा पिक्सेलही पुरतात, म्हणजे एकूण रुंदीला २,४०० पिक्सेल. जवळून जाणाऱ्यांचा विचार करून दुप्पट धरले, तरी ४,८०० झाले, आणि तेवढे आपल्याकडे आहेत.

यात्रेच्या बाबतीत मात्र माझा आग्रह वेगळा आहे. नंदीध्वजांची मिरवणूक हा मूळचाच उभा विषय आहे. उंच काठ्या, त्यांच्या टोकापर्यंत वर जाणारी नजर आणि खाली बाराबंदी हा पारंपरिक पांढरा पोशाख घातलेले मानकरी हे सगळे आडव्या चौकटीत काढून नंतर उभे कापले, तर ६,००० बाय ४,००० मधून २,६६७ बाय ४,००० एवढेच उरते, म्हणजे २४ पैकी जेमतेम पावणेअकरा मेगापिक्सेल. गर्दीत कॅमेरा फक्त उभा धरला, तर हे नुकसान टळते. क्षितिजरेषा तिरकी आली तरी असेच होते. दोन अंशांचा तिरकेपणा सरळ करताना, चौकटीचे प्रमाण तेच ठेवले, तर जवळपास दहा टक्के पिक्सेल जातात. व्ह्यूफाइंडरमध्ये रेषांची जाळी सुरू ठेवली, तर ही झीज मुळातच होत नाही.

संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा दिवसा होतो, पण बरीच मिरवणूक रात्रीच्या दिव्यांत चालते, आणि तिथे कापण्याची किंमत दुसऱ्या मार्गानेही मोजावी लागते. चित्राच्या क्षेत्रफळाचा चौथा हिस्सा ठेवला, म्हणजे सेन्सरने गोळा केलेल्या प्रकाशाचाही चौथा हिस्साच वापरला. तेवढ्याच आकाराच्या छापात आयएसओ (कॅमेऱ्याच्या प्रकाशसंवेदनशीलतेचा आकडा) १६०० ला काढलेले चित्र आयएसओ ६४०० ला काढल्यासारखे दाणेदार दिसते. दिवसाचे आणि रात्रीचे क्रॉप एकाच मापाने मोजू नये.

सॉफ्टवेअरबद्दल सांगायचे तर, अ‍ॅडोबीने २०२१ मध्ये रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलची लांबी-रुंदी दुप्पट, म्हणजे पिक्सेल चौपट करणारी सोय आणली, आणि तशी इतरही साधने आज उपलब्ध आहेत. भिंतीवरच्या मोठ्या छापासाठी कडा गुळगुळीत ठेवायला ती खरोखर उपयोगी पडतात. पण गर्दीतला मागच्या रांगेतला चेहरा चाळीस पिक्सेलचा असेल, तर अशी साधने त्या जागी एक पटण्याजोगा चेहरा घडवू शकतात, आणि तो त्या माणसाचा असेलच याची खात्री नसते. लग्नाच्या अल्बममध्ये आत्याबाईंचा चेहरा असा घडवलेला असू नये, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : ५० मिलिमीटरने काढून १०० मिलिमीटरइतके क्रॉप केले, तर चेहऱ्याची ठेवण बदलते का?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : नाही. नाक-कानांचे आणि पुढच्या-मागच्या वस्तूंचे परस्परप्रमाण आपण कुठे उभे आहात यावरून ठरते. त्याच जागेवरून १०० मिलिमीटरने काढलेले आणि ५० मिलिमीटरने काढून निम्मे कापलेले चित्र ठेवणीत सारखेच असते. फरक पडतो तो पिक्सेल चौथाई होण्याने, दाणेदारपणा वाढण्याने, आणि अ‍ॅपर्चर तेच ठेवल्यास पार्श्वभूमी कमी धूसर राहण्याने.

प्रश्न : आषाढीला मी चंद्रभागेच्या पलीकडच्या काठावरून फोनने छायाचित्रे काढते. २०० मेगापिक्सेलचा फोन घेतला तर देवळांची शिखरे झूम करून स्पष्ट येतील का?
– एक वाचक भगिनी, पंढरपूर

उत्तर : ताई, अशा फोनच्या सेन्सरवर एक पिक्सेल जेमतेम ०.६ मायक्रॉनचा असतो. फोनची लेन्स एफ १.७ ची आणि अगदी निर्दोष आहे असे मानले, तरी विवर्तनामुळे एका बिंदूची चकती सुमारे २.३ मायक्रॉनची होते, म्हणजे एकच बिंदू जवळपास चार पिक्सेल रुंदीवर पसरतो. शिवाय या सेन्सरवर शेजारशेजारच्या सोळा पिक्सेलांवर एकाच रंगाची गाळणी बसवलेली असते, आणि फोन एरवी त्या सोळांचा एक पिक्सेल करून साडेबारा मेगापिक्सेलचे चित्र देतो. त्यामुळे २०० हा आकडा खोटा नसला, तरी त्यातून २०० मेगापिक्सेलच्या मोठ्या कॅमेऱ्याइतका बारकावा मिळत नाही.

याचा उपयोग नाही असे मात्र नाही. भरपूर उजेडात दुप्पट झूमला फोन मधला भाग कापून घेतो, आणि मधल्या भागातही पुरेसे पिक्सेल असल्यामुळे चित्र चांगले टिकते. चौपटीला फरक दिसू लागतो. त्यापुढच्या झूमसाठी फोनमध्ये स्वतंत्र टेलिफोटो लेन्स आहे का आणि ती किती पटींची आहे, हे मेगापिक्सेलच्या आधी विचारावे. समजा ती पाच पटींची असेल, तर नेमके पाचवर थांबावे. साडेचारवर थांबले, तर फोन बहुधा मुख्य कॅमेऱ्याचाच तुकडा मोठा करून देतो. संध्याकाळी उजेड कमी झाला की पाचवर असतानाही काही फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याकडे वळतात. ते तपासायला टेलिफोटो लेन्सवर बोट ठेवून पाहावे; पडद्यावर अंधार झाला नाही, तर चित्र दुसरीकडून येते आहे. आपल्याला पलीकडच्या काठावरून शिखराचे कोरीव काम हवे असेल, तर टेलिफोटो लेन्स असलेला ५० मेगापिक्सेलचा फोन हा टेलिफोटो नसलेल्या २०० मेगापिक्सेलच्या फोनपेक्षा नक्कीच उजवा ठरेल.

प्रश्न : आमचा चादरी आणि टॉवेलांचा व्यवसाय आहे. कॅटलॉगसाठी पूर्ण चादरीचे छायाचित्र काढून त्यातूनच नक्षीचा जवळचा भाग क्रॉप करतो. त्यात विणीवर रंगीत लाटा दिसतात, ज्या कापडावर नाहीत. कॅमेरा बिघडला आहे का?
– एक उत्पादक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : कॅमेरा ठीक आहे. कापडाच्या विणीची जाळी आणि सेन्सरच्या पिक्सेलांची जाळी एकमेकींवर आली की अशा लाटा उमटतात. त्यांना मॉइरे म्हणतात. चादर नव्वद इंच, म्हणजे सुमारे २,२९० मिलिमीटर लांब आहे आणि ती ६,००० पिक्सेलांत पूर्ण बसवली आहे, असे धरा. एका मिलिमीटरला सुमारे २.६ पिक्सेल मिळाले. विणीत सेंटिमीटरला वीस धागे असतील, तर एका धाग्यामागे १.३ पिक्सेल आले. धागा वेगळा दिसण्यासाठी प्रत्येक धाग्यामागे किमान दोन पिक्सेल लागतात. त्याखाली गेले की सेन्सर धाग्यांऐवजी खोट्या, रुंद लाटा नोंदवतो. लाटांना रंग येतो तो गाळण्यांमुळे. १९७६ साली पेटंट मिळालेल्या ब्राइस बायर यांच्या मांडणीनुसार निम्म्या पिक्सेलांवर हिरवी, पाव पिक्सेलांवर लाल आणि पाव पिक्सेलांवर निळी गाळणी असते, त्यामुळे लाल आणि निळ्या रंगासाठी जाळी आणखी विरळ होते.

या पत्रलेखकांना मात्र जास्त मेगापिक्सेलचा खरा फायदा होईल, हे आवर्जून सांगतो. ६१ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर त्याच चौकटीत रुंदीला सुमारे ९,५०० पिक्सेल असतात, म्हणजे धाग्यामागे दोनच्या थोडे वर. तरीही सोलापुरी चादरीची ओळख तिच्या जकार्ड, म्हणजे विणतानाच उमटवलेल्या नक्षीत आहे, आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या या मालाची वीण पूर्ण चादरीच्या चित्रातून कापून दाखवणे मला अपुरे वाटते. नक्षीचे चित्र कॅमेरा जवळ नेऊन वेगळेच काढावे. दोन फूट रुंदीचा भाग घेतला, तर आजच्याच कॅमेऱ्यात एका धाग्यामागे जवळपास पाच पिक्सेल येतात आणि लाटा नाहीशा होतात. पूर्ण चादरीच्या चित्रात लाटा आल्याच, तर कॅमेरा वीतभर पुढे-मागे करावा, कापडाशी थोडा तिरका कोन साधावा किंवा अ‍ॅपर्चर एफ १६ पर्यंत बंद करावे. काळविटाला नको असलेला विवर्तनाचा मऊपणा इथे उपयोगी पडतो. चित्र संगणकावर शंभर टक्के आकारात पाहूनच निर्णय घ्यावा, कारण लहान करून पाहताना पडद्याच्या जाळीमुळेही लाटा दिसतात आणि त्या मूळ फाइलमध्ये नसतात.

प्रश्न : माझ्याकडे काकांनी दिलेला १२ मेगापिक्सेलचा जुना डीएसएलआर आहे. १२ बाय १८ इंचांचा छाप मागणाऱ्या स्पर्धेत भाग घेऊ का, की आधी नवा कॅमेरा घेऊ?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : जरूर भाग घ्यावा. त्या काळच्या १२ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी साधारण ४,२८८ पिक्सेल असते. १८ इंचांवर ती पसरली की दर इंचाला २३८ पिक्सेल मिळतात, आणि भिंतीवर टांगलेल्या छापाला ते भरपूर आहेत. आपल्याला कापायला मात्र फारशी मोकळीक नाही, म्हणून चौकट जागेवरच पूर्ण करावी लागेल. हिप्परग्याच्या तलावावर किंवा भुईकोट किल्ल्याच्या तटाशी गेलात, तर पहिले चित्र घेतल्यावर कडांना नको असलेले काय आले आहे ते पाहावे आणि दोन पावले पुढे सरकून दुसरे घ्यावे. फाइल रॉ स्वरूपात ठेवावी, आणि पाठवण्यापूर्वी स्पर्धेच्या नियमांत लांब बाजू किती पिक्सेलची मागितली आहे, ते वाचून घ्यावे.